५० जुन्या विनाशिका आणि ११० दिवस

१५ मे १९४० ह्या दिवशी ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल ह्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट ह्यांस एक तार पाठविली. चर्चिलनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेऊन त्या वेळी पाचच दिवस झाले होते, आणि जर्मन रणगाड्यांनी फ्रान्सची फळी फोडली होती. तारेत मागण्या अनेक होत्या. विमाने हवी होती, विमानविरोधी तोफा हव्या होत्या, पोलाद हवे होते. परंतु सर्वांत पहिली मागणी ४० किंवा ५० जुन्या विनाशिकांची होती, आणि त्याही उसन्या. ह्या विनाशिका देण्याचा करार वॉशिंग्टनमध्ये झाला तो २ सप्टेंबर १९४० रोजी. मध्यंतरी ११० दिवस गेले. ह्या ११० दिवसांत इटली युद्धात उतरली, फ्रान्स शरण गेला, ब्रिटिश फौज आपल्या तोफा आणि गाड्या मागे टाकून डंकर्कच्या किनाऱ्यावरून कशीबशी घरी परतली, आणि इंग्लंडच्या विमानतळांवर जर्मन बाँब पडू लागले.

ह्या अवधीत अमेरिका काय करीत होती? ती झोपली होती काय, की भ्याली होती? आमच्या मते ह्यांपैकी कोणतेही उत्तर पुरेसे नाही. संकटात सापडलेल्या मित्राला जड शस्त्रे द्यावीत की न द्यावीत, ह्या प्रश्नापाशी लोकशाही राष्ट्र अडखळते तेव्हा त्याच्या पायात एकच बेडी नसते. अनेक गाठी असतात, आणि प्रत्येक गाठ निराळ्या रीतीने सोडवावी लागते. त्या सोडविण्यात गेलेल्या दिवसांची किंमत मात्र देणारा भरीत नाही. ती घेणाऱ्याला भरावी लागते. १९४० च्या ह्या व्यवहाराची हकीकत बारकाईने पाहण्यासारखी आहे ती ह्यासाठी.

प्रथम विनाशिका म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. विनाशिका ही हलकी, वेगवान युद्धनौका. तोफा, पाणतीर आणि पाणबुडीवर टाकावयाचे स्फोटक गोळे ही तिची आयुधे. व्यापारी जहाजांच्या ताफ्याबरोबर राहून पाणबुड्यांना दूर ठेवणे, आणि शत्रू समुद्रमार्गे उतरू लागला तर त्याच्या नावांवर तुटून पडणे, ही तिची कामे. ब्रिटन हे बेट. त्याचे धान्य, तेल आणि कारखान्यांचा कच्चा माल समुद्रावरून यावयाचा. त्यामुळे विनाशिका कमी पडणे म्हणजे घरात अन्न कमी पडण्यासारखेच होते. नॉर्वेच्या मोहिमेत अनेक विनाशिका बुडाल्या वा निकामी झाल्या. एकट्या डंकर्कच्या माघारीत ब्रिटनच्या ६ विनाशिका बुडाल्या. पुढे फ्रान्सची अटलांटिक किनाऱ्यावरील बंदरे जर्मन पाणबुड्यांना मिळाली, तेव्हा त्यांचा पल्ला एकदम वाढला. नव्या विनाशिका गोद्यांत बांधल्या जात होत्या, परंतु त्या तयार होईपर्यंत कसे निभवावे हा प्रश्न होता. आणि अमेरिकेपाशी तर पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस बांधलेल्या, चार धुराड्यांच्या कितीतरी जुन्या विनाशिका होत्या. मग त्या देण्यास अडचण कोणती?

पहिली गाठ स्मृतीची होती, आणि त्या स्मृतीतून निघालेल्या कायद्यांची. १९१७ साली अमेरिका युरोपच्या युद्धात उतरली. तिचे एक लाखाहून अधिक लोक त्यात कामी आले. दोस्तांना दिलेली कर्जे बहुतांशी बुडाली. शस्त्रांच्या व्यापाऱ्यांनी आणि सावकारांनीच आपल्या देशाला युद्धात ओढले, असा समज लोकांत पसरला. १९३४ ते १९३६ ह्या काळात सीनेटर जेराल्ड नाय ह्यांच्या समितीने केलेल्या चौकशीने तो पक्का केला. १९३४ च्या कायद्याने जुने कर्ज थकविणाऱ्या राष्ट्रांना नवे कर्ज देण्यास बंदी झाली. १९३५ पासून तटस्थतेचे कायदे एकामागून एक आले. युद्ध सुरू झाल्यावर नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांत एवढीच सवलत मिळाली की, रोख पैसे मोजून आणि स्वतःच्या जहाजांतून नेऊन कोणीही शस्त्रे विकत घ्यावीत. परंतु ही सवलत कारखानदारांच्या मालापुरती होती. सरकारने आपल्या आरमारातील युद्धनौका लढणाऱ्या एका पक्षाला द्यावी, ही गोष्ट अगदी निराळी. तटस्थ राष्ट्राने असे करू नये हा आंतरराष्ट्रीय संकेत होता. शिवाय लढणाऱ्या राष्ट्रास देण्याच्या हेतूने बांधलेले जहाज देशाबाहेर पाठवू नये, असा खुद्द अमेरिकेचा १९१७ चा कायदाही होता. म्हणून रूझवेल्टनी लगोलग जे उत्तर धाडले त्यात, काँग्रेसच्या संमतीवाचून विनाशिका देता येणार नाहीत आणि ती संमती मागण्याची ही वेळ नव्हे, असे सौम्य शब्दांत कळविले.

दुसरी गाठ स्वतःच्या कोठाराची होती. आज अमेरिकेचे लष्करी बळ पाहणाऱ्यास खरे वाटणार नाही. परंतु १९३९ च्या मध्यास तिच्या खड्या सैन्यात दोन लाखांहून कमी माणसे होती. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ हा न्याय तेथील सेनापतींना लावावासा वाटला तर त्यांना दोष देता येत नाही. तरीही जूनमध्ये एक युक्ती निघाली. पहिल्या महायुद्धापासून गोदामांत पडून राहिलेल्या ५ लाख रायफली, ८० हजार मशिनगन आणि ९०० मैदानी तोफा ‘गरजेपेक्षा जास्त’ ठरविण्यात आल्या. सरकारने त्या ११ जून रोजी पोलादाच्या एका बड्या कंपनीच्या निर्यात-शाखेला विकल्या, आणि त्या शाखेने त्याच दिवशी, त्याच किमतीस त्या ब्रिटनला विकल्या. ह्या धोरणाला विरोध करणारे युद्धमंत्री हॅरी वुडरिंग ह्यांस रूझवेल्टनी २० जूनला दूर केले, आणि त्यांच्या जागी विरोधी पक्षातील हेन्री स्टिमसन ह्यांस नेमले.

रायफली एका महिन्यात सुटल्या आणि विनाशिका मात्र अडकल्या, ह्यात एक मर्म आहे. रायफल शिपायाच्या खांद्यावर जाते. ती कोणाची होती हे कोणी विचारीत नाही. युद्धनौका मात्र डोळ्यांत भरते. तिला नाव असते, क्रमांक असतो, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेली की देणाराही युद्धात उतरला असे जग म्हणू लागते. शस्त्र जितके जड, तितका देणाऱ्याचा संकोच मोठा. त्याच जूनमध्ये बांधणी चालू असलेल्या वीस-बावीस लहान पाणतीरनौका ब्रिटनला देण्याचा बेत झाला, तेव्हा सीनेटच्या नौदल समितीचे अध्यक्ष डेव्हिड वॉल्श संतापले. अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट जॅक्सन ह्यांनीही हे बेकायदा ठरेल असे सांगितले, आणि बेत बारगळला. एवढ्यावर भागले नाही. २८ जूनच्या नव्या कायद्याने असे ठरले की, स्वदेशाच्या संरक्षणास अमुक साहित्य आवश्यक नाही असा दाखला नौदलप्रमुखांनी दिल्यावाचून ते कोणालाही देता येणार नाही. नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल हॅरल्ड स्टार्क ह्यांची त्यामुळे मोठी पंचाईत झाली. ह्या जुन्या विनाशिका मोडीत काढू नयेत, त्यांचा अजून उपयोग आहे, असे त्यांनीच थोड्या दिवसांपूर्वी काँग्रेसपुढे सांगितले होते!

तिसरी गाठ अविश्वासाची होती, आणि ती उघड बोलण्याची सोय नव्हती. ब्रिटन टिकेल काय? फ्रान्ससारखे बलाढ्य राष्ट्र सहा आठवड्यांत कोसळले. उद्या ब्रिटननेही तह केला तर आपणच दिलेल्या विनाशिका हिटलरच्या आरमारात दिसावयाच्या. लंडनमधील अमेरिकन राजदूत जोसेफ केनेडी ह्यांस ब्रिटनच्या भवितव्याविषयी मुळीच आशा नव्हती, आणि त्यांची पत्रे त्याच सुराची असत. ३ जुलै रोजी एक भीषण घटना घडली. फ्रेंच आरमार जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून ब्रिटिश युद्धनौकांनी अल्जीरियातील मेर्स-एल-केबीर बंदरात उभ्या असलेल्या आपल्या कालच्या मित्राच्या जहाजांवर तोफा डागल्या. सुमारे १३०० फ्रेंच खलाशी मेले. घटना दुःखद खरी. परंतु हे राष्ट्र शेवटपर्यंत लढणार, हे वॉशिंग्टनला तिच्यामुळे कळले. त्याच महिन्यात रूझवेल्टनी विल्यम डोनोव्हन ह्यांस लंडनला पाठविले. ब्रिटन तग धरील, असे मत घेऊन ते परत आले.

चौथी गाठ निवडणुकीची. ५ नोव्हेंबरला अध्यक्षाची निवड व्हावयाची होती. रूझवेल्ट तिसऱ्यांदा उभे होते, आणि तोपर्यंत कोणीही अध्यक्ष तिसऱ्यांदा निवडून आलेला नव्हता. ‘हा मनुष्य आपल्या मुलांना युद्धात लोटणार’ असे विरोधकांनी म्हणावे, आणि त्या एका वाक्यावर निवडणूक फिरावी, ही भीती खोटी नव्हती.

जुलै सरत आला तरी ह्या चारी गाठी तशाच होत्या. ३१ जुलैला चर्चिलनी पुन्हा तार केली. गेल्या दहा दिवसांत आमच्या ११ विनाशिका बुडाल्या वा निकामी झाल्या, असा हिशेबच त्यांनी तीत मांडला. २ ऑगस्टला रूझवेल्टच्या मंत्रिमंडळाने मदत केलीच पाहिजे असे ठरविले, पण ती कशी करावी हे ठरेना. येथून पुढचे काम सरकारने एकट्याने केले नाही. नागरिकांनी त्यात हात घातला, आणि हाच ह्या हकीकतीचा सर्वांत बोधप्रद भाग आहे असे आम्हांस वाटते.

कॅन्सस राज्यातील एम्पोरिया ह्या लहानशा गावचे संपादक विल्यम अ‍ॅलन व्हाइट ह्यांनी मे महिन्यातच दोस्तांना मदत करावी म्हणून एक समिती स्थापिली होती. न्यूयॉर्कमधील काही वकील, संपादक व धर्मोपदेशक ‘सेंचुरी’ नावाच्या क्लबात जमून विचार करीत. त्यांनी १ ऑगस्टला रूझवेल्टपुढे एक कल्पना ठेवली : विनाशिका फुकट का द्यावयाच्या? त्यांच्या मोबदल्यात अटलांटिकमधील ब्रिटिश बेटांवर अमेरिकेने नाविक तळ घ्यावेत. ४ ऑगस्टला पहिल्या महायुद्धातील अमेरिकन सेनापती जनरल पर्शिंग ह्यांनी रेडिओवरून विनाशिका देण्याची शिफारस केली. कान सोनारानेच टोचावे म्हणतात ते असे. शांततावाद्यांनी कोणा मुत्सद्द्यास युद्धखोर म्हटले असते. पर्शिंगला म्हणण्याची छाती कोणाची? ११ ऑगस्टच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये डीन अ‍ॅचिसन आणि आणखी तीन नामांकित कायदेपंडितांचे लांबलचक पत्र छापून आले. नव्या कायद्याची गरजच नाही, आहेत त्याच कायद्यांत अध्यक्षांना हा अधिकार आहे, असे त्यांनी दाखविले. लोकमताच्या चाचणीत दहांपैकी सहा जण विनाशिका देण्याच्या बाजूचे निघाले. विरोधी उमेदवार वेंडेल विल्की ह्यांनी उघड पाठिंबा दिला नाही, परंतु देण्याच्या आड येणार नाही असे व्हाइट ह्यांच्यामार्फत कळू दिले.

तळांच्या कल्पनेने एका दगडात अनेक पक्षी मारले. नौदलप्रमुख स्टार्क ह्यांस आता मनाला न टोचता दाखला देता येत होता. विनाशिका निरुपयोगी आहेत असे त्यांना म्हणावे लागत नव्हते; ५० विनाशिका देऊन आठ ठिकाणी तळ मिळाल्याने देशाचे संरक्षण एकंदरीत बळकट होते, एवढेच म्हणावयाचे होते. अ‍ॅटर्नी जनरल जॅक्सन ह्यांनी २७ ऑगस्टला आपला अभिप्राय दिला. हा तह नसून अध्यक्षांच्या अधिकारातील करार आहे, म्हणून सीनेटच्या दोनतृतीयांश मतांची आवश्यकता नाही. पाणतीरनौका अद्याप बांधल्या जात होत्या, म्हणून त्या देण्याच्या हेतूने बांधल्याचा आक्षेप येतो. ह्या विनाशिका तर वीस वर्षांपूर्वीच बांधलेल्या, त्यांना तो आक्षेप लागू नाही. कायद्याचा कीस काढणे ते हेच. पण जूनमध्ये ज्या मनुष्याने ‘नाही’ म्हटले, त्यानेच ऑगस्टमध्ये ‘होय’ म्हणण्याची वाट शोधली, हे विसरता कामा नये. मधल्या काळात कायदा सैल झाला नव्हता. बदलला होता तो निश्चय.

आता अडचण उलट बाजूने आली. चर्चिलना हा सौदा दिसावयास नको होता. साम्राज्याचे तुकडे देऊन जुनी जहाजे विकत घेतली असे पार्लमेंटने म्हटले असते. त्यांना तळही भेट म्हणून द्यावयाचे होते आणि विनाशिकाही भेट म्हणून हव्या होत्या. रूझवेल्टना तर मोबदला दाखविल्यावाचून गत्यंतर नव्हते. परराष्ट्र खात्याचे कायदे-सल्लागार ग्रीन हॅकवर्थ ह्यांनी तोड काढली. न्यूफाउंडलंड आणि बर्म्युडा येथील तळ ही भेट. बहामा, जमैका, सेंट लुशिया, त्रिनिदाद, अँटिगा आणि ब्रिटिश गियाना येथील तळ विनाशिकांच्या मोबदल्यात, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. प्रसंग कितीही बिकट आला तरी ब्रिटिश आरमार शत्रूच्या स्वाधीन होणार नाही, अशी ग्वाही निराळी देण्यात आली. २ सप्टेंबरला परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल आणि ब्रिटिश राजदूत लॉर्ड लोथियन ह्यांनी पत्रांची देवघेव केली. दुसऱ्या दिवशी रूझवेल्टनी हा व्यवहार जाहीर करताना १८०३ च्या लुइझियाना खरेदीशी त्याची तुलना केली. विल्कींनी विनाशिका देण्यास नव्हे, तर काँग्रेसला डावलण्यास कडक शब्दांत दोष दिला. त्याच्या पुढच्याच दिवशी, ४ सप्टेंबरला, युद्धापासून दूर राहावे असे म्हणणारी ‘अमेरिका फर्स्ट’ समिती स्थापन झाली.

आता हिशेब मांडू. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कॅनडाच्या हॅलिफॅक्स बंदरात पहिल्या विनाशिका ब्रिटिश खलाशांच्या ताब्यात आल्या. पण त्या जुन्या होत्या. वादळी समुद्रात फार हेलकावत, वळावयास वेळ घेत. त्यांची दुरुस्ती आणि नवी साधने बसविण्यात आणखी महिने गेले. ज्या आक्रमणाच्या भीतीने चर्चिलनी त्या मागितल्या, ते आक्रमण हिटलरने १७ सप्टेंबरलाच लांबणीवर टाकले होते, आणि त्याचे श्रेय ब्रिटिश वैमानिकांना होते. ऑक्टोबरच्या मध्यास कॅनडाहून निघालेल्या ३५ व्यापारी जहाजांच्या एका ताफ्यावर पाणबुड्यांनी झडप घातली, तेव्हा संरक्षक नौका थोड्याच होत्या. २० जहाजे बुडाली. विनाशिका जूनमध्ये मिळाल्या असत्या तर ही सारी वाचली असती असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु दुरुस्तीस लागणारे महिने तेव्हा उन्हाळ्यातच संपले असते, एवढे नक्की म्हणता येते. ज्या कारणांचा वॉशिंग्टनमध्ये ११० दिवस खल चालला, त्यांपैकी एकही कारण त्या बुडणाऱ्या खलाशांना ठाऊक नव्हते.

विनाशिका वाया गेल्या असे मात्र नाही. मे १९४१ मध्ये एका जर्मन पाणबुडीवरून गुप्तलेखनाचे यंत्र व संकेतपुस्तके हाती लागली, त्या कामगिरीत ‘ब्रॉडवे’ ही ह्यांपैकीच एक विनाशिका होती. ‘कॅम्बेलटाउन’ ही दुसरी २८ मार्च १९४२ रोजी स्फोटकांनी भरून फ्रान्समधील सेंट नझेर येथील गोदीच्या दरवाजावर नेऊन आदळविण्यात आली, आणि अटलांटिक किनाऱ्यावर जर्मनांच्या सर्वांत मोठ्या युद्धनौकेला सामावणारी एकमेव गोदी निकामी झाली. पण ह्या व्यवहाराचे खरे फळ वेगळे होते. एकदा पाऊल पडल्यावर पुढचे सोपे झाले. निवडणूक जिंकल्यावर रूझवेल्टनी शेजाऱ्याच्या आगीला आपली पाण्याची नळी देण्याचा दृष्टान्त लोकांपुढे ठेवला, आणि ११ मार्च १९४१ रोजी ‘लेंड-लीज’ म्हणजे उसनवार-भाडेपट्ट्याचा कायदा झाला. त्याखाली तीसहून अधिक राष्ट्रांना सुमारे ५० अब्ज डॉलरांची मदत मिळाली.

एक खाते अजून उघडावयाचे राहिले. ज्या बेटांच्या जमिनी ९९ वर्षांसाठी दिल्या गेल्या, तेथील लोकांस कोणी विचारले नाही. त्रिनिदाद आणि ब्रिटिश गियाना येथे तर करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचे वंशज मोठ्या संख्येने राहत होते. १९३९ साली आपणही न विचारताच युद्धात ओढले गेलो होतो, त्यामुळे ह्यात आपल्याला नवल वाटावयाचे कारण नाही. पुढे त्रिनिदादचे नेते डॉ. एरिक विल्यम्स ह्यांनी चागुआरामास येथील तळ परत मागितला आणि एप्रिल १९६० मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांतून त्यासाठी मोर्चा नेला. दोन बलवानांची सोयरीक जमली तरी आंदण तिसऱ्याच्या घरातून जाते, ते असे.

ही सारी जुनी गोष्ट वाटेल. परंतु २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले, त्यानंतर जर्मनीत जे घडले ते पाहताना १९४० ची आठवण आल्यावाचून राहत नाही. आक्रमणापूर्वी जर्मनीने ५००० शिरस्त्राणे देऊ केली. आक्रमणानंतर हलकी शस्त्रे दिली, एप्रिलमध्ये रणगाड्यावर बसविलेल्या विमानविरोधी तोफा कबूल केल्या. परंतु ‘लेपर्ड’ रणगाड्यांपाशी गाडे थांबले. येथेही स्मृती होती, कारण जर्मन रणगाडे एकदा ह्याच भूमीवर आक्रमक म्हणून फिरले होते. येथेही कायद्याची गाठ होती, कारण इतर देशांकडील जर्मन बनावटीचे रणगाडे पाठविण्यास जर्मनीची अनुमती लागे. अण्वस्त्रे बाळगणाऱ्या शत्रूशी युद्ध पेटेल ही भीती तर १९४० मध्ये नव्हतीच. अखेर २५ जानेवारी २०२३ रोजी, अकरा महिन्यांनी, चान्सलर ओलाफ शोल्ट्स ह्यांनी १४ लेपर्ड देण्याचे जाहीर केले, आणि त्याच दिवशी अमेरिकेने आपले ३१ रणगाडे जाहीर केले. एकट्याने पुढे जावयाचे नाही, हा आग्रह ह्या रीतीने पुरा झाला. रणगाडे मार्चच्या अखेरीस पोहोचले. मधल्या हिवाळ्यात रशियन सैन्याने दक्षिणेत खंदक खणले होते आणि सुरुंग पेरले होते.

संकोच हा नेहमीच भ्याडपणा असतो असे आम्ही मानीत नाही. ज्या राज्यात एका मनुष्याच्या लहरीने तोफा जातात, तेथे संकोच नसतो. पण असे राज्य कोणास हवे आहे? कायदा पाहणे, लोकांना विचारणे, स्वतःचे घर उघडे पडत नाही ना हे तपासणे, हे लोकशाहीचे कर्तव्यच आहे. परंतु १९४० ची हकीकत असे सांगते की, ही सर्व उत्तरे मेमध्येही मिळण्यासारखी होती. तळ तेव्हाही तेथेच होते, कायदाही अधिक कडक नव्हता, विनाशिकाही गोद्यांत उभ्याच होत्या. उत्तरे शोधावयाचीच असे जुलैच्या अखेरीपर्यंत कोणी मनावर घेतले नव्हते. मित्राला नकार द्यावयाचा असेल तर तो स्पष्ट द्यावा, म्हणजे तो दुसरी वाट पाहील. द्यावयाचे असेल तर ते त्याच्या उपयोगी पडेल अशा वेळी द्यावे. ‘देऊ, पण आज नको’ हे तिसरे उत्तर देणाऱ्याला सर्वांत सोयीचे असते, आणि म्हणूनच त्याने ते देताना दिनदर्शिका मित्राच्या घरची पाहावी, आपल्या नव्हे.